नात्याचा रकाना

परदेशी माणूस घरात ठेवला की २४ तासांच्या आत त्याची सरकारदरबारी नोंद करणारा फॉर्म सी भरावा लागायचा. हॉटेलवाल्यांना हे ठाऊक असतं, आमच्यासारख्या एखादी खोली भाड्यानं देणाऱ्यांना सहसा नसतं. मला होतं, कारण माझी ३४ वर्षं तहसील कचेरीत गेली, त्यातली शेवटची काही अव्वल कारकून म्हणून. २०२१च्या जुलैत ती भर पावसात दोन बॅगा घेऊन गडग्यापाशी उभी राहिली, तेव्हा मी पाणी विचारायच्या आधी पासपोर्ट विचारला. पुढे तिनं ही गोष्ट भेटेल त्याला सांगितली. दिल्लीतसुद्धा.

ती अफगाणिस्तानातली, मझार-ए-शरीफची. शिष्यवृत्तीवर दापोलीला कृषी विद्यापीठात एमएस्सीला आलेली. विषय फळं टिकवायचा आणि सुकवायचा. प्रबंध सादर झाला होता, वसतिगृह सोडायचं होतं आणि घरी जायचं विमान २४ ऑगस्टचं होतं. मधल्या दिवसांपुरती खोली हवी होती. आमची मागीलदारची खोली रिकामीच होती. पत्रे नवे घातलेले, कारण जुने आदल्या वर्षीच्या निसर्ग वादळात उडून शेजाऱ्यांच्या पोफळीत जाऊन पडले होते. भाडं १८०० रुपये ठरलं. तिचं नाव इथे लिहीत नाही. आईवडील अजून तिकडेच आहेत.

१५ ऑगस्टला रविवार होता. सकाळी शाळेच्या लाउडस्पीकरवर झेंडावंदनाची गाणी चालू होती आणि ती ओटीवर फोन घेऊन बसली होती. मझार आदल्याच दिवशी तालिबानच्या हाती पडलं होतं. संध्याकाळपर्यंत काबूलही गेलं. आईसाठी तिनं दोन किलो आमसुलं घेऊन ठेवली होती. पावसाळी हवेत मिठाला पाणी सुटतं, तसा त्या पिशवीला पाझर फुटून जांभळं पाणी खोलीभर पसरलं होतं. तिला कळलंही नाही. मी फडकं घेऊन पुसून काढलं. बोलायला काही सुचलं नाही, म्हणून दोनदा पुसलं.

विमान अर्थातच उडालं नाही. व्हिसाची मुदत सप्टेंबरअखेर संपत होती. पुण्याहून माझ्या मुलीचा फोन, आई, कशाला नसती उठाठेव, विद्यापीठाला बघू दे. पण विद्यापीठाची ती आता विद्यार्थिनी नव्हती. गणपती आले, गेले. मी म्हटलं, आधी मुदतवाढीचा अर्ज करू, मग पुढचं पुढे.

अर्ज लिहायला बसलो आणि एक गंमत झाली. मी सवयीनं सांगत सुटले, अर्जाला असल कागद दाखवायचे, जोडायच्या नकला, मुदतीच्या आत मंजूर झालं तर ठीक, नाहीतर रद्द. ती हसायला लागली. महिन्याभरात पहिल्यांदा. म्हणाली, "काकी, तुम्ही दारी बोलताय." अर्ज, असल, नकल, कागद, मुदत, मंजूर, रद्द, दफ्तर, हुकूम, सगळे शब्द तिच्या भाषेतले, म्हणजे दारीतले, अफगाणिस्तानातल्या फारसीतले निघाले. शिवाजी महाराजांनी कारभारातले फारसी शब्द काढून संस्कृत आणायचा प्रयत्न केला होता, पण आम्ही कारकून मंडळी जुनी सवय सहजासहजी सोडत नाही. तिला मराठी येत होतं तेही बाजारातलं, बोंबील नि कोथिंबिरीपुरतं. कचेरीतलं मराठी तिला न शिकता येतंय म्हटल्यावर आमचं काम निम्म्यावर आलं. आणि काका म्हणजे तिकडेही चुलताच, म्हणून मला काकी म्हणायला तिला काही अडचण वाटली नव्हती.

आता कायद्याचं सांगते, कारण इथेच मी चक्रावले. निर्वासितांबद्दलचा १९५१चा आंतरराष्ट्रीय करार भारतानं केलेलाच नाही. आपल्याकडे निर्वासितांसाठी असा वेगळा कायदा नाही. तेव्हा लागू होता तो १९४६चा परकी नागरिकांचा कायदा, आणि त्याच्या लेखी पर्यटक, विद्यार्थी नि जीव मुठीत धरून आलेला माणूस सगळे सारखेच परकी. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांचं सरकार स्वतः बघतं. अफगाणांसारख्यांनी दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक कार्यालयाकडे नाव नोंदवायचं. म्हणजे एकीकडे आपल्या सरकारकडे मुदतवाढ मागत राहायची आणि दुसरीकडे दिल्लीला कळवायचं की मला घरी जाता येत नाही. दोन फायली, एकच माणूस. मी दोन रंगांचे फोल्डर आणले.

मुदतवाढीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी हजर व्हायला सांगितलं ते नेमकं नोव्हेंबरात, एसटीचा संप जोरात असताना. शेजाऱ्यांची ओम्नी मागितली, त्यांचा मुलगा चालवायला आला. दाभोळची फेरीबोट, मग गुहागरवरून खाली येऊन तवसाळहून जयगडची दुसरी. तिनं तोपर्यंत बोट पाहिली होती, चढली कधी नव्हती. गाडीसकट आपण पाण्यावर चाललोय हे तिला पटेना. दोन्ही खाड्या तिनं डोळे मिटून आणि माझं मनगट धरून पार केल्या.

कचेरीत टेबलावरच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "साहेब मीटिंगला गेलेत, दोन वाजता या." मला राग आला आणि लगेच लाजही वाटली. "दोन वाजता या" हे मी आयुष्यात किती जणांना सांगितलं असेल? दोन वाजेपर्यंत माणूस कुठे जातो, काय खातो, हे मला कधी सुचलं नव्हतं.

आम्ही थिबा राजवाड्यावर गेलो. ब्रह्मदेशचा राजा थिबा. १८८५ला युद्ध हरला, पुढच्या वर्षी इंग्रजांनी राणीसकट रत्नागिरीला आणून ठेवला. राजवाडा बांधून झाला १९१०ला आणि राजा १९१६ला इथेच वारला. तो कैदी, शरण आलेला नव्हे, त्यामुळे तुलना बरोबर नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, नंतर त्याच्या मुली कुठे गेल्या? तर राणी आणि मुली ब्रह्मदेशात परत गेल्या, पण थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीलाच आली. तिचा जीव इथल्याच एका माणसात गुंतला होता. तिची मुलगी टुटू मराठी बोलत रत्नागिरीतच म्हातारी झाली. यावर ती बराच वेळ समुद्राकडे बघत राहिली आणि म्हणाली, "काकी, मी दापोलीत म्हातारी होणार नाही." मी म्हटलं, बरं. दोनाला परत गेलो. साहेब साडेतीनला आले. काम दहा मिनिटांचं होतं.

दिल्लीच्या फायलीत सगळ्यात कठीण कागद म्हणजे तिची स्वतःची हकीकत. आपल्याला कुणापासून धोका आहे, का आहे, आपण परत गेलो तर काय होईल, हे आपल्याच शब्दांत. तिनं पहिल्यांदा लिहिलं ते पाऊण पान होतं आणि त्यात निम्मे आभार होते. मी तांबड्या पेनानं आभार काढून टाकले. मग रात्री जेवणं झाली की बसायचो. तिची मोठी बहीण एका परदेशी संस्थेत कामाला होती, घरी कोण विचारायला आलं, किती वाजता, दाराशी आलं की आत आलं, आणखी कुणी पाहिलं का. मी चौकशीचे जबाब पुष्कळ नोंदवलेले आहेत, मला प्रश्न कसे विचारायचे ते येतं. पण समोरचा माणूस आपल्याच ताटलीत जेवलेला असला की पेन अडतं. दुसऱ्या रात्री ती उठून खोलीत निघून गेली. तिसऱ्या रात्री मी न बोलावता आली आणि म्हणाली, कुठे होतो आपण?

तारखांचा तर घोळच. त्यांचं वर्ष वेगळं. १५ ऑगस्ट २०२१ म्हणजे त्यांचा २४ असद १४००. मी कालनिर्णयच्या पानांमागे दोन्ही महिन्यांचे तक्ते आखले आणि एकेक प्रसंग तारखेनिशी बसवला. तिच्या जन्मतारखेपाशी गाडी अडली. पासपोर्टवर १ जानेवारी. बहिणीचीही १ जानेवारी, भावाचीही. ती ओशाळून सांगायला लागली की आमच्या ओळखपत्रात, तझकिऱ्यात, नुसतं अमुक साली अमुक वर्षांची एवढंच असतं. मी तिला थांबवलं. आमच्या तालुक्यात माझ्या पिढीच्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनीच तो ठरवला. माझाही १ जूनच. त्यानंतर तिनं दर १ जूनला मला आणि मी तिला १ जानेवारीला शिरा करून घातला.

एक नियम मी तिला पहिल्या दिवसापासून घालून दिला. फॉर्मात खोटं लिहायचं नाही, चांगल्या हेतूनंही नाही. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं आलं, की वर बसलेला माणूस दोन्ही समोर ठेवून विचारतो, यातलं खरं कुठलं? त्यानंतर तुमचं खरंही खोटं होतं. शरण मागणाऱ्याकडे पुरावे थोडेच असतात. बोलण्यातला मेळ हाच त्याचा मोठा पुरावा.

२०२२च्या फेब्रुवारीत नोंदणीसाठी दिल्लीला बोलावलं. रत्नागिरीहून मंगला एक्स्प्रेस, निजामुद्दीनला उतरलो. तिथून भोगल आणि लाजपतनगर जवळच. तिथल्या काही गल्ल्यांत पाट्या फारसी लिपीत आहेत आणि लांबलचक नान भट्टीतून निघत असतात. तिनं एक नान घेतला आणि रस्त्यातच उभं राहून कोरडा खाल्ला. लॉजच्या वहीत माझ्या नावापुढे रकाना होता, सोबतच्या व्यक्तीशी नातं. मी लिहिलं, घरमालक. मॅनेजरनं आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. नोंदणी झाली, फोटो, बोटांचे ठसे, आणि प्रकरण विचाराधीन असल्याचं प्रमाणपत्र हातात आलं. "विचाराधीन" हा शेरा मीही हजारो फायलींवर मारला आहे.

मग वाट. याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, दिवस मात्र त्यातच गेले. तिला नोकरी करता येत नव्हती. एका बँकेनं व्हिसाची तारीख बघून खातं गोठवलं, ते सुटायला चार महिने लागले. जानेवारीपासून भाडं थकलं. मी म्हटलं, राहू दे. ती ऐकेना. माझ्याकडे भाड्याची वही होती, तीत ती दर महिन्याच्या एक तारखेला स्वतः नोंद करायची. जमा शून्य, येणे १८००. देवनागरी अक्षर माझ्या मुलीपेक्षा बरं.

त्या एप्रिलात तिला कुरूतची आठवण व्हायला लागली. दही टांगून, मीठ घालून, गोळे वळून दगडासारखे वाळवतात, थंडीत भिजवून खातात. तिनं पंच्यात दही टांगलं, गोळे वळले, सुपात मांडून गच्चीवर ठेवले. तिसऱ्या दिवशी मुंग्या, पाचव्या दिवशी हिरवी बुरशी. सुकवण्यावर प्रबंध लिहिलेली मुलगी सुपासमोर मांडी घालून बसली आणि गोळ्यांना शिव्या देऊ लागली. शिव्या दारीत होत्या, पण कळत होत्या. मझारला हवेत पाणीच नसतं, आणि इथे हवा पिळली तर लोटा भरेल. दुसरी खेप आम्ही चुलीवर शिंकाळ्यात टांगून वाळवली. गोळे वाळले, पण चव धुराची. एक मी आमसुलाच्या सारात टाकून पाहिला. वाईट नव्हता. तिनं मात्र तो पदार्थ ओळखायलाच नकार दिला.

नोव्हेंबरात तिला डेंग्यू झाला. दवाखान्यात भरती करताना पुन्हा तोच रकाना, रुग्णाशी नातं. नर्स म्हणाली, काकी लिहा की, ती काकीच म्हणते तुम्हाला. दिल्लीच्या लॉजात घरमालक लिहिलेलं मला आठवत होतं. मी घरमालक लिहिलं. तिनं तो कागद पाहिला असावा. घरी आल्यावर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मीही समजावत बसले नाही. आता वाटतं, एक वाक्य बोलायला हवं होतं.

२० डिसेंबरला तालिबाननं मुलींना विद्यापीठं बंद केली. तिची धाकटी बहीण पहिल्या वर्षाला होती. मुलाखतीचं बोलावणं जानेवारीचं आलं, तेव्हा हकीकतीला आणखी एक पान जोडलं.

मुलाखतीला आत फक्त अर्जदार. मी दोन स्वेटर, वर शाल, कानाला मफलर अशी बाहेर बसले. दिल्लीची जानेवारी आम्हा कोकणातल्या माणसांसाठी नाही. शेजारी एक अफगाण आजोबा होते, त्यांचा दहा-बारा वर्षांचा नातू हिंदी छान बोलायचा. आजोबांनी विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, सरकारी कारकून, रिटायर. आजोबा एकदम सरसावून बसले. तेही प्रांताच्या कचेरीत कारकून होते. मग नातवाला मध्ये घालून आम्ही जे बोललो ते त्या पोराला जन्मभर कंटाळवाणं वाटेल. तुमच्याकडे आवक-जावक कशी ठेवतात? ते म्हणाले, सादिरा आणि वारिदा, दोन वेगळ्या वह्या. आमच्याकडेही दोन. पत्राला नंबर आल्याबरोबर द्यायचा की साहेबांनी पाहिल्यावर? आल्याबरोबर, हे दोघांनी एकदमच सांगितलं. वही तुम्ही सोबत आणली का, असं मी गमतीनं विचारलं. नातवानं भाषांतर केलं. आजोबा म्हणाले, वह्या जाळून आलो, त्यांत लोकांची नावं होती.

चार तासांनी ती बाहेर आली. म्हणाली, सगळ्या तारखा बरोबर सांगितल्या. मग म्हणाली, भूक लागलीय.

त्या वर्षी त्यांचा नवरोज २१ मार्चला आणि आमचा पाडवा २२ला आला. आम्ही गुढी उभारत होतो. बांबू धरून ती म्हणाली, मझारच्या मोठ्या दर्ग्यात नवरोजला असाच उंच खांब उभारतात, हजारो माणसं बघायला येतात, त्याला जंडा म्हणतात. तालिबाननं नवरोजची सुट्टी काढून टाकलेली. गाठी बांधायचं काम तिनं मागून घेतलं. मे महिन्यात दिल्लीहून निर्वासित म्हणून मान्यता आली.

मान्यता मिळाली तरी इथे कायमचं राहायचा हक्क मिळत नाही, तिसऱ्या देशात जागा मिळावी लागते. तिची मामेबहीण कॅनडात ओंटारिओला. तिकडे तेव्हा पाच जणांनी मिळून एका निर्वासिताला बोलावण्याची सोय होती, ग्रुप ऑफ फाइव्ह म्हणतात. पाचही जण तिथले नागरिक किंवा कायमचे रहिवासी असावे लागायचे, आणि आल्यापासून एक वर्ष त्या माणसाच्या पोटापाण्याची नि बस्तानाची जबाबदारी त्यांची. अर्जदाराकडे निर्वासित म्हणून मान्यतेचा कागद असावा लागायचा, आणि तो आता होता. बहिणीनं चार जण जमवले. पाचवा मिळेना.

माझा पुतण्या मिसिसागाला आहे. वर्षातून एकदा, गणपतीला, फोन करतो. मी जूनमध्ये केला म्हटल्यावर घाबरलाच, कोण गेलं म्हणून. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काकी, पैसे किती अडकतील?" मला हा प्रश्न आवडला. ज्याला नाहीच म्हणायचं असतं तो आकडा विचारत नाही. आठ दिवसांनी बायकोशी बोलून त्यानं होकार कळवला. मी तिला सांगितलं, पाचवा जामीन मिळाला. ती म्हणाली, ज़ामिन? हाही आमचाच शब्द.

अर्ज गेला सप्टेंबर २०२३ला. नोव्हेंबरात दिल्लीतला अफगाण दूतावास कायमचा बंद झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा हिच्या पासपोर्टचं काय, या धास्तीत एक महिना काढला. मग मुलाखत, वैद्यकीय तपासणी, ठसे. शेवटी आपल्याच सरकारकडून देश सोडायची परवानगी. येताना व्हिसा लागतो हे ठाऊक होतं, पण जाताना परवाना लागतो हे मला ३४ वर्षांच्या नोकरीतही माहीत नव्हतं. २०२५च्या फेब्रुवारीत ती मुंबईहून गेली. दारात आंब्याला मोहोर होता आणि तुडतुड्यांसाठी फवारणी चालली होती, सगळ्या घराला औषधाचा वास. बॅगेत आमसुलं, या वेळी तीन पिशव्यांत घालून, वर मेणकापड.

गेल्या महिन्यात तिनं मला तिकडे बोलावण्याचं पत्र पाठवलं. व्हिजिटर व्हिसासाठी लागतं. पत्रात बोलावणाऱ्यानं पाहुण्याशी आपलं नातं सांगायचं असतं. तिनं लिहिलंय, माझी दापोलीतली घरमालकीण.

मुलगी फोनवर म्हणाली, आई, असं लिहिलं तर व्हिसा कोण देणार? तिला सांग, मावशी लिही, काहीही लिही. मी म्हटलं, बरोबर लिहिलंय. जुन्या कागदांशी जुळतंय.

पुरावे जोडायला फाइल काढून बसलेय. फॉर्म सीची प्रत आहे, दवाखान्याचा कागद आहे. भाड्याची वही जोडावी की नाही ते अजून ठरत नाही. तीत ३८ महिन्यांची येणे बाकी आहे, ६८,४०० रुपये, सगळी तिच्याच अक्षरात.